अकरा वाजताचा प्रश्न

माझ्या नणंदबाईंसमोर ज्याला आपलं काम धड सांगता आलं, त्याला या जगात पुढे कुठलीच मुलाखत अवघड जायची नाही. हे मी अनुभवानं सांगते, कारण माझी स्वतःची मुलाखत त्यांनीच घेतली होती. मला बघायला मंडळी आली त्यांत मुलगा होता, मुलाचे आईवडील होते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीत हेल्मेट घेऊन, मुलाची थोरली बहीण बसली होती. मुलानं मला काहीच विचारलं नाही. सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, सासऱ्यांनी आमचं मूळ गाव विचारलं. मग कोपऱ्यातून प्रश्न आला, "सकाळी अकरा वाजता तू काय करतेस?" मी तेव्हा एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरीला होते. आईनं दाराआडून खुणावलं, की काहीतरी जबाबदारीचं सांग. पण मला ऐन वेळी काही सुचेना आणि मी खरं तेच सांगून टाकलं, की अकरा वाजता आमच्याकडे चहा येतो. नणंदबाईंनी हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं आणि भावाकडे बघून म्हणाल्या, "ही खोटं बोलत नाही." माझं लग्न या एका वाक्यावर ठरलं, असं माझे यजमान अजून सांगतात. ते सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा असतो की समाधानाचा, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

त्यांचं म्हणणं असं, की माणसाला त्याचं काम विचारलं की तो हुद्दा सांगतो. हुद्दा म्हणजे दारावरची पाटी. आत कोण राहतं ते तिच्यावरून कळत नाही. म्हणून विचारायचं ते अकरा वाजताचं. ही वेळही त्यांनी पूर्ण विचार करून निवडली आहे. दहाला माणूस नुकता येऊन टेकलेला असतो, बाराला त्याला डबा दिसायला लागतो. मधे अकराला तो जे करत असतो, तेवढंच त्याचं खरं काम. हा प्रश्न त्या बारशाला, मुंजीला, दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारच्या पेशंटला, कोणालाही विचारतात. माझे एक मामा कुठल्याशा कंपनीत सीनियर कन्सल्टंट होते. आमच्या लग्नाच्या पंगतीत त्यांना हा प्रश्न आला. मामांनी बरंच काही सांगितलं. नणंदबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे झालं दुपारचं." मामा त्या दिवशी श्रीखंड न घेता उठले. माझा पुण्याचा भाऊ संगणकाच्या कंपनीत आहे. त्यानं सांगितलं, की अकराला मीटिंग असते. मीटिंगमध्ये काय असतं, असं विचारल्यावर तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, की पुढची मीटिंग कधी घ्यायची ते ठरवतात. नणंदबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अजून वय आहे तुझं," त्या म्हणाल्या, "मिळेल काहीतरी."

आमच्या सासरचे पूर्वज बडोदा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, घोडे गेले, पुढच्या पिढ्या बँकेत, रेल्वेत आणि औषधांच्या कंपन्यांत गेल्या. पण हुकूम देण्याची सवय कुठेतरी उतरायला हवी होती, ती सगळीच्या सगळी नणंदबाईंत उतरली. त्या बडोद्यातल्याच तरसाली भागातल्या एका गुजराती शाळेत गणित शिकवत आणि तिथेच जवळच्या सोसायटीत एका बैठ्या टेनामेंटमध्ये एकट्या राहत. अजून राहतात. लग्न त्यांनी केलं नाही. एक स्थळ आलं होतं. मुलगा लायझन ऑफिसर होता आणि त्याला अकरा वाजताचं काही सांगता येईना, असं आमच्या घरात हसत हसत म्हणतात. खरं कारण मला ठाऊक नाही आणि मी कधी विचारलेलं नाही. स्कूटरवरून उतरल्यावरही त्या हेल्मेट काढत नाहीत. भाजी घेताना हेल्मेट, दुधाच्या दुकानात हेल्मेट. त्याचं कारण त्या असं देतात, की काढून ठेवायचं तर ते ठेवलं कुठे ते लक्षात ठेवावं लागतं, आणि त्यांना दुसरी पुष्कळ कामं आहेत.

या दुसऱ्या कामांतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे शाळेतला करिअरचा कार्यक्रम. नववीच्या मुलांनी जोडीजोडीनं विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणितातला एकेक पेशा निवडायचा, त्याची माहिती काढायची आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची. असे कार्यक्रम सगळ्याच शाळांत होतात. मुलं इंटरनेटवरून चार उतारे उतरवून घेतात, एक रॉकेटचं चित्र चिकटवतात आणि टाळ्या होतात. नणंदबाईंच्या कार्यक्रमाला नियम होता. जो पेशा निवडाल तो करणारं एक जिवंत माणूस बडोद्यात शोधायचं आणि त्याचे अकरा वाजले की तिथे हजर राहायचं. एकानं अंतराळवीर निवडला होता. त्याला त्यांनी विचारलं, की त्यात तुला नेमकं काय आवडतं. तो म्हणाला, तरंगायला. त्याची रवानगी झाली पोहण्याच्या तलावावर, तिथलं पाणी तपासणाऱ्या केमिस्टकडे. त्याच्या आईनं माझ्यापाशी नाराजी सांगितली होती; पण तो मुलगा पुढे रसायनशास्त्राकडे गेला आणि भेटला की अजून क्लोरीनबद्दल बोलतो.

माणसं सुखासुखी भेटत नसत. मग नणंदबाई स्वतः निघत. मकरपुऱ्याच्या कारखान्यांचे वॉचमन त्यांना ओळखू लागले होते. "बेन, साहेब मीटिंगमां छे," वॉचमन सांगायचा. "वांधो नाही, मी बसते," असं म्हणून त्या त्याच्याच केबिनमध्ये, हेल्मेटसकट, बसायच्या. साहेब खिडकीतून बघायचे, फोन करून 'गेल्या का' विचारायचे आणि शेवटी स्वतः बाहेर यायचे. सावली गावाकडच्या एका कारखान्यात तर एका इंजिनिअरनं दोन मुलांना अख्खी सकाळ आपल्यासोबत फिरवलं आणि निघताना नणंदबाईंना म्हणाला, की मी काय करतो ते मला माझ्या बायकोनंसुद्धा कधी विचारलं नव्हतं. त्यावर नणंदबाईंनी त्याच्याकडून बायकोचा नंबर मागून घेतला. पुढे काय झालं ते कळलं नाही.

माझी मुलगी सई याच शाळेत होती. ती नववीत गेली त्या वर्षी तिला रोबो बनवणारा इंजिनिअर हवा होता, पण तो विषय दुसऱ्या जोडीनं आधीच पळवला. सगळे विषय वाटून झाल्यावर सई आणि शेवटच्या बाकावरची जिनल अशा दोघीच उरल्या. जिनल नावाची मुलगी आपल्या वर्गात आहे हे सईला त्या दिवशी समजलं, इतकी ती गप्प. नणंदबाईंनी जिनलला विचारलं, "तुला काय बघायला आवडतं?" जिनल म्हणाली, "मगर." वर्ग हसला. नणंदबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच संध्याकाळी फोनाफोनी सुरू केली आणि विश्वामित्रीतल्या मगरींचा अभ्यास करणारी एक संशोधक बाई शोधून काढली.

आम्हा बडोदेकरांना मगरीचं फारसं कौतुक नाही. नदी शहराच्या मधून जाते, मगरी नदीत राहतात आणि पुराच्या दिवसांत त्या सोसायटीच्या आवारात आल्या तर आम्ही गच्चीवरून फोटो काढतो आणि खालचं गेट लावून घेतो. मगरीकडे बघत बसायला कोणी पगार देतं हे मात्र मला नवीन होतं. थंडीचे दिवस होते. एका शनिवारी सकाळी नणंदबाई, सई, जिनल आणि सोबत म्हणून मी, अशा चौघी नदीच्या उंच काठावर पोचलो. संशोधक बाई तरुण होती, सडपातळ, टोपी घातलेली, दक्षिणेकडची. हिंदीत बोलायची आणि तेही कमी. तिनं आम्हाला बसायला सांगितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती. तोंड उघडं. बराच वेळ काहीच झालं नाही. नणंदबाईंना गप्प बसायची सवय नाही, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "आता काय करायचं?"

"आता थांबायचं."

"कशासाठी?"

"ती काय करते ते बघायला."

"ती तर काही करत नाही."

"तेच टिपायचं," ती बाई म्हणाली. आणि तिनं टिपलं.

नणंदबाई माझ्याकडे वळल्या. सगळ्या जगाला अकरा वाजताचा प्रश्न विचारून अशा उत्तराला त्या पहिल्यांदाच सामोऱ्या जात होत्या. सई पायावरचे डास मारत होती. मी आणलेल्या थेपल्यांचा विचार करत होते. जिनल मात्र गुडघ्यांना मिठी मारून बसली होती आणि तिनं केव्हापासून मान हलवली नव्हती. तिनं संशोधक बाईच्या बाहीला बोट लावलं. "दीदी, ते लाकूड नाही," ती म्हणाली. पाण्यात ती दाखवत होती तिथे मला फक्त पाणी दिसत होतं. मग पाण्यावरचे दोन उंचवटे थोडे सरकले आणि बुडाले. संशोधक बाईनं जिनलकडे पाहिलं, आपली दुर्बीण गळ्यातून काढली आणि तिच्या गळ्यात घातली. निघायची वेळ झाली तेव्हा जिनलला दोनदा हाक मारावी लागली.

त्या वर्षी शाळेत नवे ट्रस्टी आले होते. करिअरचा कार्यक्रम वर्गात उरकायचा नाही, हॉलमध्ये दणक्यात करायचा, असं त्यांनी ठरवलं. प्रोजेक्टर आला, पालकांना बोलावणं गेलं, एका कोचिंग क्लासच्या मालकांनी मागचा बॅनर दिला आणि त्या बदल्यात पहिल्या रांगेत मधली खुर्ची घेतली. मुलं एकामागून एक येऊन रंगीत स्लाइड दाखवून गेली. मग सई आणि जिनलची पाळी आली. सईनं पहिली स्लाइड लावली, तीवर मगर होती. जिनलनं माइक हातात घेतला आणि म्हणाली, की सकाळी अकरा वाजता वन्यजीव शास्त्रज्ञ काय करतात ते मी आता करून दाखवते. असं म्हणून ती स्टेजवर खाली बसली. गुडघ्यांना मिठी मारली आणि बसून राहिली.

हॉल आधी कौतुकानं गप्प झाला, मग काळजीनं गप्प झाला. लोकांना वाटलं मुलगी पाठ केलेलं विसरली. कोणीतरी मदत म्हणून टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि एकटाच वाजवतोय हे कळून थांबला. ट्रस्टीसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. सई स्क्रीनजवळ उभी राहून डोळ्यांनी मला विचारत होती, की मी काय करू. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नणंदबाईंच्या चेहऱ्यावर मात्र असं सुख होतं, जसं मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी किंवा नंतर पाहिलेलं नाही. शेवटी जिनल उठली. "आता तिनं तोंड मिटलं," ती म्हणाली. "एवढं बघायला इतका वेळ बसावं लागतं." मग तिनं मगर तोंड का उघडते, अंगातली उष्णता कशी घालवते, घरटं कुठे करते, हे सगळं एका दमात सांगितलं. जी मुलगी वर्गात हजेरीला जेमतेम ऐकू येईल असं बोलायची, तिचा आवाज हॉलच्या मागच्या दारापर्यंत येत होता. कोचिंग क्लासच्या मालकांनी विचारलं, "पण बेटा, आमां स्कोप शुं?" म्हणजे यात पुढे वाव काय. जिनलनं थोडा विचार केला आणि सांगितलं, की नदीत पाणी आहे तोवर आहे. लोक हसले. मागच्या रांगेतले एक गृहस्थ हसले नाहीत. ते जिनलचे वडील, भरतभाई.

भरतभाईंचं लहरीपुऱ्यात ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. कार्यक्रमानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी, ते नणंदबाईंच्या घरी आले. आम्ही तिथेच होतो. माझे यजमान स्टुलावर चढून बहिणीचा पंखा दुरुस्त करत होते. भरतभाई सगळं गुजरातीत बोलले, मी इथे मराठीत सांगते.

"बेन, मी भांडायला नाही आलो," ते म्हणाले.

"मग पाणी प्या," नणंदबाई म्हणाल्या.

ते पाणी प्यायले. पेला हातातच ठेवून म्हणाले, "पोरगी रविवारी नदीवर जायचं म्हणते. मागच्या रविवारी मी सोबत गेलो. ती मगरीकडे बघत होती, मी तिच्याकडे बघत होतो. घरी ती अशी कधी बसत नाही." मग पेला टेबलावर ठेवून ते पुढे बोलले. "बेन, तुम्ही दरवर्षी पोरांना एक सकाळ दाखवून आणता. छान करता. पुढच्या वर्षी ती पोरं दहावीत जातात आणि तुमच्याकडे नवी पोरं येतात. माझ्याकडे तर हीच आहे. जिनल गणितात नापास होते, सायन्समध्ये कशीबशी सुटते. तिनं ती नदी बघितलीच नसती तर दुकानात बसून खुशीत राहिली असती. आता राहणार नाही. आणि त्या मगरवाल्या दीदीसारखं व्हायला जे लागतं ते तिला येत नाही. मला शिकवता येत नाही, तिच्या मम्मीला येत नाही. तुम्ही दाखवलंत, बेन. आता तिच्यासोबत बसणार कोण?"

यजमानांचा स्क्रूड्रायव्हर वरच थांबला. नणंदबाई टेबलावरचा पाण्याचा डाग बोटानं पुसत राहिल्या. किती मुलांना त्यांनी अशी सकाळ दाखवली होती आणि त्यांतली किती पुढे कुठे गेली, याचा हिशेब त्यांनी बहुधा पहिल्यांदा मनात मांडला असावा. मग त्या म्हणाल्या, "मी बसेन."

"कधीपर्यंत?" भरतभाईंनी विचारलं. दुकानदार माणूस, मोघम शब्दावर उठणारे नव्हते.

"तिला मी नको होईपर्यंत."

हे बसणं सोपं गेलं असं मात्र समजू नये. नणंदबाई वर्गातल्या वाघीण. समोर चाळीसपन्नास मुलं असली की त्यांचा खडू सुरेख चालतो; पण एकच मुलगी समोर आणि तिलाही काही येत नाही, हा प्रकार त्यांना नवा होता. पहिले काही रविवार त्यांचा आवाज सोसायटीच्या गेटपर्यंत जायचा. जिनल रडत नसे. "ती नुसती बघते माझ्याकडे," नणंदबाई मला फोनवर म्हणाल्या, "आणि मला वाटत राहतं की मी तोंड कधी मिटते ते ही टिपते आहे." मग त्यांच्या लक्षात आलं, की या पोरीला बीजगणितातला क्ष कळत नाही, पण डोळ्यांना दिसेल ते काहीही कळतं. त्यांनी गणित अंगणात नेलं. सोसायटीतल्या कुत्र्यांचे आलेख निघाले. गच्चीवरच्या कबुतरांची सरासरी निघाली. समोरच्यांच्या आंब्यावरची खार किती वेळात किती फेऱ्या करते यावरून वेग, काळ आणि अंतर झालं. नणंदबाई हेल्मेट घालून झाडाखाली उभ्या आणि जिनल बाजूला उकिडवी बसलेली, असं दृश्य दर रविवारी दिसू लागल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या यजमानांना फोन करून विचारलं, की बेनची तब्येत बरी आहे ने. जीवशास्त्र नणंदबाईंना येत नव्हतं. ते त्या आदल्या दिवशी स्वतः शिकायच्या, पाठ्यपुस्तकाशी भांडायच्या आणि रविवारी जिनलला शिकवायच्या.

जिनलला सोडायला भरतभाई यायचे आणि शिकवणी संपेपर्यंत ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसून राहायचे. हळूहळू नणंदबाई मधून मधून त्यांच्याशी बोलू लागल्या. आणि एके दिवशी त्यांनी तो प्रश्न विचारलाच. भरतभाई म्हणाले, "अकरा वाजता? अकराला बोहनीची वाट बघतो. गिऱ्हाईक दारात उभं असतं, आत येऊ की नको अशा बेतात. तेव्हा हलायचं नाही, बोलवायचं नाही, कापडाला हातसुद्धा लावायचा नाही. हललो की ते जातं." नणंदबाई उठून आत गेल्या आणि गणित करत बसलेल्या जिनलला म्हणाल्या, "तू हे नदीवर शिकलीस असं मला वाटत होतं. हे तुझ्या घरचं आहे." त्या दिवसापासून भरतभाईंना चहा येऊ लागला.

शाळेतला कार्यक्रम पुढच्या वर्षी बंद झाला. म्हणजे झाला, पण वेगळा. कोचिंग क्लासनं संगणकावरची एक परीक्षा आणली. मुलानं प्रश्नांवर खुणा केल्या की यंत्र त्याला करिअर सांगतं. कोणाकडे जावं लागत नाही, वॉचमनच्या केबिनमध्ये बसावं लागत नाही. नणंदबाईंनी स्वतः ती परीक्षा देऊन पाहिली. यंत्रानं त्यांना हॉटेल व्यवसायात उत्तम भविष्य असल्याचं कळवलं. ती गोष्ट त्या सगळ्यांना हसून सांगायच्या. हसून झालं की हेल्मेटची काच पुसत बसायच्या. त्यानंतर त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात ट्रस्टीसाहेबांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. शिस्त सोडून दुसरं काही त्यांना आठवलं नसावं.

जिनलचं पुढे काही चमत्कारासारखं झालं नाही. दहावीला ती गणितात नीट पास झाली. मार्क सांगत फिरावं असे नव्हते, पण भरतभाईंनी ते सगळ्या लहरीपुऱ्यात सांगितले. बारावी झाली, बडोद्यातच बी.एस्सी. झालं. सई तोपर्यंत कॉमर्सला जाऊन हिशेबतपासनीस व्हायच्या मार्गाला लागली होती. आत्यानं आपल्याला माफ केलं आहे असं ती म्हणते, आत्या तसं म्हणत नाही. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेत जिनल पहिल्या खेपेला नापास झाली. ते वर्ष ती दुकानात बसली, आणि छान बसली. गिऱ्हाइकं तिलाच विचारत यायची. भरतभाई त्या वर्षी कधी नव्हे इतके आनंदात दिसायचे आणि तो आनंद दिसू नये म्हणून धडपडायचे. नणंदबाई त्या वर्षी लहरीपुऱ्याकडे फिरकल्या नाहीत. मी एकदा सहज म्हटलं, "वन्सं, पोरगी सुखात आहे की." त्या म्हणाल्या, "आहे. म्हणूनच मला झोप येत नाही." पण रविवार चुकला नाही. जिनल यायची, दोघी बसायच्या, आणि भरतभाई बाहेर झोपाळ्यावर. दुसऱ्या खेपेला तिला प्रवेश मिळाला. लांब ओडिशात, नदी समुद्राला मिळते तिथे, खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी असतात त्या भागात. बातमी आली तेव्हा भरतभाईंनी पेढे वाटले आणि मग दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ तागे मोजत बसले, असं जिनलच्या आईनं मला सांगितलं.

स्टेशनवर तिला सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. नणंदबाईंनी तिला सूचना दिल्या, त्या गाडी हलेपर्यंत संपल्या नाहीत. गाडी हलल्यावर जिनल दारात उभी राहून हात हलवण्याऐवजी नुसती बघत राहिली, आधी वडिलांकडे, मग नणंदबाईंकडे, मग पुन्हा वडिलांकडे. डबा लांब जाईपर्यंत तिनं मान वळवली नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी डिंकाचे लाडू घेऊन तरसालीला गेले. ओट्यावरच्या झोपाळ्यावर भरतभाई बसले होते. समोर खुर्चीत नणंदबाई. आत शिकायला कोणी नव्हतं आणि दोघं बोलतही नव्हती. मला पाहून भरतभाई थोडे संकोचले. "भाभी, इथून जात होतो," ते म्हणाले. लहरीपुऱ्याहून कुठेही जाताना तरसाली वाटेत लागत नाही, पण मी मान हलवली. मी विचारलं, जिनलची काही खबर?

"काल फोन आला होता," भरतभाई म्हणाले. "तिथे रेंज नसते. 'पप्पा' एवढं ऐकू आलं, मग कट झाला."

"माझ्याकडे नुसती रिंग आली," नणंदबाई म्हणाल्या.

त्या चहाचं बघायला आत गेल्या. किटली आणली, कप आणले, टेबलावर मांडले. कप चार होते, रविवारच्या सवयीनं. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा हात एका कपाच्या कानावर थोडा वेळ तसाच राहिला; पण त्यांनी तो परत नेला नाही. तिघांचा चहा ओतला आणि त्या खुर्चीत बसल्या. मी लाडवांचा डबा उघडण्यात बराच वेळ लावला. भरतभाईंनी किटली हलवून पाहिली, तळाला उरलेला चहा चौथ्या कपात ओतला, आणि दोन्ही कप आपल्यापुढे घेऊन आळीपाळीनं प्यायला लागले.

"ठंडी थई जशे ने," ते कोणाकडेच न बघता म्हणाले.